शंखोडी बंदराची सांगणी

पश्चिम समुद्राच्या काठी शंखोडी नावाचे एक बंदर होते, आणि त्या बंदरात गोमाजी नावाचा एक तांडेल राहत असे. तांडेल म्हणजे गलबताचा मुख्य. वारा, पाणी, माणसे आणि माल या सर्वांची जबाबदारी त्याच्या एकट्याच्या शिरावर असते. गोमाजीचा आवाज खणखणीत होता, सुकाणूवरचा हात स्थिर होता, आणि डोक्याला तो तांबडाभडक पटका बांधीत असे. पटक्याचा तुरा मात्र आवश्यकतेपेक्षा थोडा अधिक वर काढलेला असे.

शंखोडीचा एक जुना रिवाज होता. फार पूर्वी एका व्यापाऱ्याने कळीचा चुना पोत्यांत भरून, पीठ आहे असे सांगून, गलबतावर चढवला होता. भर समुद्रात पाणी आत शिरले, चुना तापला आणि लाकडाने पेट घेतला. आपण कशावर बसलो आहोत, हे खलाशांना शेवटपर्यंत कळले नाही. त्यांच्या बायका किनाऱ्यावर जमल्या. रडणे आटोपल्यावर त्यांनी एकच मागणी केली: यापुढे या बंदरातून जो माल जाईल, तो आमच्या कानांवर पडून जाईल.

तेव्हापासून गलबत सुटण्यापूर्वी तांडेल मालाच्या प्रत्येक नगावर उघडा तळहात ठेवी, किनाऱ्याकडे तोंड करी आणि आत काय आहे ते मोठ्याने सांगे. किनाऱ्यावर जमलेले लोक उत्तर देत, "ऐकलं!" हे उत्तर प्रथम बायकांनी द्यायचे आणि त्यांच्या मागून पुरुषांनी. ते आल्यावाचून तांडेलाचा हात पुढच्या नगाकडे जात नसे. या रिवाजाला सांगणी म्हणत.

सांगणी खोटी ठरली, तर तांडेलाने पटका उतरवून बंदराच्या पाटलांच्या हाती द्यायचा आणि तो सबंध हंगाम जमिनीवर काढायचा. चूक जाणून केली की नकळत झाली, हे कोणी विचारीत नसे. कारण समुद्रही ते विचारीत नाही.

गोमाजीच्या घराण्यात आजवर एकाही तांडेलाचा पटका उतरला नव्हता. ही गोष्ट गोमाजी स्वतः फारशी सांगत नसे. ती इतरांनी सांगावी, अशी व्यवस्था मात्र तो करी.

एका वर्षी मोरशेट नावाच्या धनाढ्य व्यापाऱ्याने एक नवे गलबत बांधले. शंखोडीच्या गोदीतून एवढे मोठे गलबत पूर्वी कधी पाण्यात उतरले नव्हते. त्याच्या डोलकाठीकडे पाहताना माणसाची टोपी मागे पडे. गोमाजीने आयुष्यभर 'चिमणी' नावाचे एक लहानसे गलबत हाकले होते, आणि अलीकडे त्याला त्या नावाची लाज वाटू लागली होती.

मोरशेटने त्याला बोलावून घेतले. "गोमाजी, या गलबताला तुझ्यावाचून दुसऱ्या कुणाचा आवाज शोभायचा नाही."

"आवाजाचं राहू द्या, शेट. सुकाणू कसं आहे ते सांगा," गोमाजी म्हणाला. पण त्याचा तुरा तेवढ्यात बोटभर वर गेल्यासारखा दिसला.

"दूरच्या बेटाच्या राजाकडे जायचं आहे. मिरी, वेलदोडे, काथ्या, सागवान. आणि खास राजासाठी थोडी शहाळी. ती हाऱ्यांत भरली आहेत. वारा लागावा म्हणून हाऱ्यांची वीण जरा विरळ ठेवली आहे."

"शहाळी?"

"राजाची हौस. आपल्याला काय!"

गोमाजीने मान डोलावली. त्याची दृष्टी डोलकाठीच्या शेंड्यावर होती.

घरी त्याची बायको ठकू पटक्याला खळ देत बसली होती. ठकू बोलण्यात तिखट होती. मात्र विनाकारण बोलत नसे.

"अगं, तुरा उद्या जरा ताठ राहील असं बघ," गोमाजी म्हणाला.

"तुरा ताठ आहे. मानेचं बघा. ती वळेनाशी झाली आहे."

"ठकू, शंखोडीतलं सर्वांत मोठं गलबत उद्या माझ्या हाती येतंय."

"ऐकलं. शेजारणींनीही ऐकलं. विहिरीवरच्या बादल्यांनीसुद्धा ऐकलं असेल. त्यात भरलंय काय?"

गोमाजीने मालाची नावे सांगितली. शहाळ्यांचे नाव येताच ठकूचा हात थांबला.

"शहाळी? इतक्या लांबच्या सफरीला? अहो, पोहोचेपर्यंत त्यांचं पाणी आंबून जाईल. हा शेट आहे की खुळा?"

"राजाची हौस आहे."

"हौस राजाची आणि नाक खलाशांचं! तुम्ही हारा उघडून पाहिलात का?"

"तुला गलबतातलं काय कळतं?" गोमाजी हसून म्हणाला.

"गलबतातलं नाही कळत," ठकूने पटका पिळीत म्हटले. "शहाळ्यातलं कळतं."

तिचा प्रश्न योग्य होता. ज्याने नारळाच्या झाडाखाली जन्म काढला, त्या माणसाला तो स्वतःलाच पडायला हवा होता. परंतु मोठे गलबत मिळालेल्या माणसाला लहान प्रश्न ऐकू येईनासे होतात. गोमाजी हसत हसत अंगणात गेला आणि वाऱ्याची दिशा पाहू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरती पूर्ण चढली, तेव्हा सारी शंखोडी किनाऱ्यावर लोटली होती. पुढे बायका उभ्या होत्या, मागे पुरुष. उंच ओट्यावर बंदराचे वृद्ध पाटील अंतोबा काठी टेकून बसले होते. धक्क्याला लागलेल्या नव्या गलबतावर गोमाजी ताठ उभा होता. त्याचा पटका उन्हात असा तळपत होता की, म्हाताऱ्या खलाशांनाही आपले तारुण्य आठवावे. शेजारी मोरशेट जरीकाठी उपरणे सावरीत उभा होता.

गोमाजीने पहिल्या पोत्यावर तळहात ठेवला.

"मिरी!"

"ऐकलं!" किनारा म्हणाला.

"वेलदोडे!"

"ऐकलं!"

"काथ्या!"

"ऐकलं! आणि आवाजही ऐकला हो, तांडेल! पलीकडच्या बंदरालाही पोहोचला!" मागून एकाने टोला मारला. लोक हसले. गोमाजीही हसला. तो त्याच्या आयुष्यातला अत्यंत सुखाचा क्षण होता, आणि त्याला तसे वाटणे अगदी स्वाभाविक होते.

सागवान झाले. आता फक्त हारे उरले. ते शिडाच्या सावलीत, एका बाजूला, ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवले होते. गोमाजीने गोणपाट दूर केले आणि पहिल्या हाऱ्यावर तळहात टेकला.

"शहाळी!"

"ऐकलं!"

त्याने दुसऱ्या हाऱ्यावर तळहात ठेवला, बोलण्यासाठी श्वास घेतला, आणि तो श्वास तसाच आत राहिला. हाऱ्याच्या विरळ विणीतून काहीतरी वर आले होते आणि त्याने गोमाजीचे बोट धरले होते.

ती पकड ऊबदार होती. शहाळ्याला बोटे नसतात.

गोमाजी सावकाश वाकला आणि विणीच्या फटीतून आत पाहू लागला. आत काळ्याभोर लवीचे एक पिल्लू होते. चेहऱ्याभोवतीची रुपेरी आयाळ त्याला नुकतीच फुटू लागली होती. शेपटीच्या टोकाशी पुढे सिंहासारखा गोंडा व्हायचा होता; अजून तिथे चार केस होते. डोळे गुंगीने जड झाले होते. ते पिल्लू रडत नव्हते, ओरडत नव्हते. झोपेतल्या मुलाने हाताला लागेल ते धरावे, तसे त्याने ते बोट धरले होते.

"शेट," गोमाजी ओठ न हलवता म्हणाला, "हे काय आहे?"

"हळू बोल," मोरशेट पुढे सरकून कुजबुजला. "सिंहपुच्छ वानराची पिल्लं आहेत. अफूचं बोट चाटवून निजवली आहेत. हे एक कसं जागं झालं कोण जाणे."

"आपल्या डोंगरातली?"

"आपल्याच. उंच रानात आता थोडीच उरली आहेत, म्हणून तर राजा मागतोय. त्याच्या बागेत जगातली दुर्मिळ जनावरं आहेत, ही तेवढी नाहीत. उद्या रानात एकही उरलं नाही, की यांचं मोल आणखी चढेल."

"यांच्या आया?"

"आई पिल्लू सोडत नाही," मोरशेट म्हणाला.

"मग?"

मोरशेटने उपरणे झटकले. तो म्हणाला, "वाटेत दोन बंदरं लागतील. तिथल्या लोकांशी माझं बोलणं झालं आहे. इथं शहाळी म्हणायचं, पुढं कोंबड्या म्हणायचं आणि बेटावर उतरलं की राजाची भेट म्हणायचं. नुसतं नाव बदलत जायचं."

"आणि वाटेत जी मरतील ती?"

"म्हणून तर थोडी जास्त भरली आहेत."

किनाऱ्यावर लोक कुजबुजू लागले. सांगणीत एवढा खंड कधी पडत नसे. मोरशेटने चेहऱ्यावरचे हसू ढळू दिले नाही.

"हे बघ, गोमाजी. पहिल्या हाऱ्यावर तू शहाळी म्हणालास आणि किनाऱ्यानं ऐकलं. आता शब्द मागे घेशील, तर तुझा पटका उतरेल. तुझ्या बापाचा उतरला नाही, आज्याचा उतरला नाही. तुझा उतरवायचा? आणि हे गलबत? ते पुन्हा तुझ्या हाती यायचं नाही. तुला खोटं बोलायलाही मी सांगत नाही. तू नुसता खोकल्यासारखं कर आणि खाली बस. बाकीचं मी सांभाळतो."

मोरशेट धूर्त होता. माणसाला कुठे धरावे हे त्याला बरोबर ठाऊक होते. त्याने गोमाजीचा लोभ धरला नाही. त्याने त्याचा मान धरला.

गोमाजीने वर पाहिले. उंच डोलकाठी निळ्या आभाळात स्थिर उभी होती. त्याने किनाऱ्याकडे पाहिले. सारे गाव त्याच्याकडे पाहत होते, आणि त्या साऱ्या नजरांत कौतुक होते. मग त्याने पुन्हा हाऱ्यात पाहिले. पिल्लाची एक मूठ त्याच्या बोटाभोवती होती. दुसऱ्या मुठीत काळ्या केसांचा एक पुंजका होता. ते केस लांब आणि राठ होते. पिल्लाच्या अंगावरचे नव्हते. ते त्याच्या आईचे होते. त्याला तिच्यापासून ओढून काढले, तेव्हा तिचे एवढेच त्याच्या हाती राहिले होते.

गोमाजीला बोट सोडवून घेता आले असते. ती पकड काही बळकट नव्हती. त्याने ते सोडवले नाही. हात तसाच हाऱ्यावर ठेवून त्याने किनाऱ्याकडे तोंड केले, आणि शंखोडीने त्याचा असा आवाज पूर्वी कधीच ऐकला नव्हता.

"शंखोडीकर हो! माझी मागची सांगणी खोटी आहे. मी शहाळी म्हणालो. या हाऱ्यांत शहाळी नाहीत. आपल्या डोंगरातल्या वानरांची पिल्लं आहेत, आया मारून आणलेली. परक्या राजाला विकायला चालवली आहेत. मी हारा उघडून पाहिला नाही. पाहायला हवा होता. माझ्या बायकोनं विचारलं, तेव्हा मी हसलो."

धक्क्यावर आपटणारे पाणी तेवढे ऐकू येत होते.

कोणी उत्तर देईना. कारण उत्तर दिले, की ही सांगणी पूर्ण होणार होती, आणि ती पूर्ण झाली, की गोमाजीचा पटका उतरणार होता. ज्या बायकांनी त्याला लहानपणापासून पाहिले होते, त्यांना तो शब्द उच्चारवेना. एकजण डोळ्यांना पदर लावून उभी राहिली. दुसरीने मान फिरवली.

तेव्हा ठकू पुढे आली. तिने पदर खांद्यावरून घेऊन कमरेला खोचला. त्या एका शब्दाने आपल्या घरातून काय जाणार आहे, हे तिच्याइतके कोणालाच कळत नव्हते. तो पटका तिने आदल्या दिवशीच आपल्या हातांनी धुतला होता. नवऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून ती मोठ्याने म्हणाली,

"ऐकलं!"

तिचा आवाज जराही कापला नाही. मग तिच्या मागच्या बायका म्हणाल्या, "ऐकलं!" आणि त्यांच्या मागून पुरुषांचा असा गजर उठला, की खाडीतले बगळे उडाले.

गोमाजी गलबतावरून उतरला. धक्का ओलांडून तो ओट्यापाशी गेला, पटका सोडला आणि नीट घडी घालून पाटलांच्या हाती दिला. अंतोबा पाटलांनी ती घडी दोन्ही हातांनी घेतली.

"गोमाजी, रिवाज तो रिवाज," ते म्हणाले.

"होय, पाटील. म्हणून तर उतरवला."

"हंगामभर जमिनीवर."

"होय."

"या घराण्यातला पहिला पटका माझ्या हाती येतो आहे," वृद्ध पाटील म्हणाले. मग त्यांनी तो कपाळाला लावला. शंखोडीत उतरलेला पटका कोणी कपाळाला लावल्याचे ऐकिवात नव्हते.

मोरशेट गलबतावरून ओरडला, "झालं तुमचं? आता मला दुसरा तांडेल द्या. भरती कोणासाठी थांबत नाही."

ओट्याजवळ इतर तांडेल उभे होते. मोरशेटने एकाला खूण केली. तो घसा चोळीत म्हणाला, "शेट, माझा आवाज आज बसला आहे."

"तू?"

"मी येतो की," दुसरा म्हणाला. "पण हाऱ्यावर हात ठेवून काय म्हणू? पोरकी पिल्लं म्हणू का? तुम्हीच सांगा, तसं म्हणतो."

लोक हसले. मोरशेटचा चेहरा लाल झाला. "माझं गलबत आहे! माझा माल आहे! माझ्या पैशाचं मी काय करावं, ते हे मासेखाऊ मला शिकवणार?"

"बरोबर आहे, शेट," पाटील शांतपणे म्हणाले. "गलबत तुमचं, माल तुमचा. आणि खरं सांगायचं तर व्यापाऱ्याला शासन करावं, असं आमच्या रिवाजात काही नाही. रिवाज करणाऱ्यांना वाटलं असेल, व्यापाऱ्याला लाज पुरेल. तेव्हा तुम्ही खुशाल जा. मालकाला स्वतः सांगणी करता येते. हात ठेवा, आत काय आहे ते सांगा आणि शिडं सोडा. आमची आडकाठी नाही."

मोरशेटला हे सोपे वाटले. तो हाऱ्याजवळ गेला. त्याने वर तळहात ठेवला आणि किनाऱ्याकडे तोंड केले.

आता शहाळी म्हणणे शक्य नव्हते. ते खोटे आहे हे सर्वांना ठाऊक होते. खरे म्हणावे, तर ते वाक्य त्याला आपल्या तोंडाने पूर्ण करायचे होते. पुढच्या रांगेत मुले कडेवर घेतलेल्या बायका उभ्या होत्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्या ऐकायला उभ्या होत्या.

"हं, बोला शेट," ठकू म्हणाली. "आम्ही ऐकतो आहोत."

मोरशेटने तोंड उघडले. "या हाऱ्यांत..." तो म्हणाला आणि थांबला. त्याने उपरणे सावरले. "यांत... राजाची..." तो पुन्हा थांबला. त्याच्या तळहाताखाली काहीतरी हलले, तसा त्याने भाजल्यासारखा हात मागे घेतला.

व्यवहारात तो कधी अडखळला नव्हता. चार देशांच्या भाषा त्याला येत होत्या. परंतु आपण काय करीत आहोत, हे उघड सांगणारे एक साधे वाक्य त्याला त्यांपैकी कोणत्याही भाषेत बोलता येईना.

तो तसाच उभा राहिला. ऊन वर चढले. किनाऱ्यावरून कोणी हलले नाही. अखेर पाणी ओसरू लागले. ओहोटी लागली आणि शंखोडीत बांधलेले ते सर्वांत मोठे गलबत एका अंगावर कलून चिखलात बसले.

तेव्हा मोरशेट खाली उतरला. त्याने कोणाकडे पाहिले नाही. "उचला ते हारे," एवढेच म्हणून तो निघून गेला.

बायकांनी हारे उघडले. एका हाऱ्यातले पिल्लू उठलेच नाही. त्याला त्यांनी किनाऱ्यावरच्या उंडीच्या झाडाखाली पुरले. बाकीची पिल्ले गुंगीतून हळूहळू जागी झाली आणि समोर जे अंग दिसेल त्याला बिलगली. ज्या पिल्लाने गोमाजीचे बोट धरले होते, त्याने ठकूच्या लुगड्याचा काठ असा धरला, की तो सोडवताना काठच उसवला.

"बघा," ठकू म्हणाली, "तुमच्या तुऱ्याला खळ देण्यात माझा कालचा दिवस गेला. आता हा काठ शिवण्यात संध्याकाळ जायची."

"खळ वाया गेली खरी," गोमाजी म्हणाला.

"जाईना का. मान तरी वळू लागली."

गोमाजीला हंगामभर जमिनीवर राहायचे होते, म्हणून त्याने जमिनीवरचे काम हाती घेतले. पिल्लांना घेऊन तो आणि ठकू डोंगराच्या वाटेला लागले. रानाच्या कडेला एक वाडी होती. तिथल्या बायकांनी पिल्लांना शेळीचे दूध पाजले, मऊ फळे कुस्करून भरवली. दोन पिल्ले जगली नाहीत. बाकीची प्रथम झोपडीच्या वाशावर, मग परसातल्या फणसावर, मग रानाच्या पहिल्या झाडावर चढू लागली. वानरांचा एक कळप शेंड्यांवरून हे पाहत असे आणि निघून जाई. गोमाजीने सुकाणूवर जो धीर कमावला होता, तो त्याला इथे उपयोगी पडला. तो रोज त्या झाडाखाली बसे आणि वाट पाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी एके सकाळी कळपातली एक म्हातारी वानरी खाली उतरली. तिच्या आयाळीचा रुपेरी रंग पिवळट पडला होता. तिने सर्वांत लहान पिल्लाला हुंगले, त्याचा हात उचलून पाहिला आणि त्याला पोटाशी धरून ती वर गेली. मागून इतर पिल्ले निघाली. पाने हलली, मग थांबली. गोमाजी आपले बोट चोळीत उभा राहिला.

"चला," ठकू म्हणाली. "त्यांचं घर त्यांना मिळालं. आपलं उघडायला हवं."

नवा हंगाम आला. मोरशेटने आपले गलबत केव्हाच परक्या बंदराला विकून टाकले होते. ते गोमाजीच्या हाती पुन्हा आले नाही. त्याची 'चिमणी' तेवढी धक्क्याला डुलत होती. तिच्यावर तो चढण्यापूर्वी अंतोबा पाटलांनी पटका परत आणून दिला. गोमाजीने तो बांधला, पण तुरा काढला नाही. तुऱ्यावाचूनही तो दुरून ओळखू येत होता.

त्या दिवशी किनाऱ्यावर जेवढी माणसे जमली, तेवढी मोठ्या गलबतालाही जमली नव्हती. माल अगदी साधा होता. गोमाजीने प्रत्येक पोत्याचे तोंड सोडले, आत हात घालून पाहिले, मग तळहात वर ठेवला.

"तांदूळ!"

"ऐकलं!" सर्वांच्या आधी ठकूचा आवाज आला.

खलाशी जिथे जातात तिथे गोष्टी घेऊन जातात. शंखोडीच्या सांगणीची गोष्ट एका बंदरातून दुसऱ्या बंदरात गेली. बेटाच्या राजाची माणसे पुढे कित्येक वर्षे किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडली. परंतु जिथे ती जात, तिथे कोणीतरी त्यांच्या झाकलेल्या हाऱ्यांकडे बोट दाखवून म्हणे, "हात ठेवा आणि मोठ्यानं सांगा." राजाच्या बागेत या वानरांसाठी बांधलेला पिंजरा रिकामाच राहिला आणि गंजून गेला.

शंखोडीत आजही मूल पाठीमागे काही लपवून उभे राहिले, की आई त्याच्यावर ओरडत नाही. ती एवढेच विचारते, "याची सांगणी करशील का?" बहुतेक मुले लपवलेली वस्तू निमूटपणे जागेवर ठेवून येतात.

तात्पर्य: जे काम चारचौघांत मोठ्याने सांगता येत नाही, ते करू नये, आणि न पाहता दिलेला शब्द खोटा निघाला, तर तो तितक्याच मोठ्याने मागे घेण्यात माणसाची मान खाली जात नाही, उंच होते.